फ्रीजची तपकिरी रेघ

मी डायलॉग एडिटर. म्हणजे सिरियलमधे हिरॉईन रडते ना, तिच्या हुंदक्यामागचा पंखा, कावळा, रिक्षा काढणारा माणूस. मला आवाजांना रंग दिसतात, लहानपणापासून. कुकरची शिट्टी जांभळी, आईची हाक हळदीसारखी. सगळ्यांनाच दिसत असणार असं दहावीपर्यंत वाटायचं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने रंगीत आकडे दिसणाऱ्यांबद्दल १८८० मधेच लिहिलंय, आमच्या घरी बातमी पोचायला जरा उशीर झाला. एडीएचडी, म्हणजे लक्ष हवं तिथे न राहणं, हे तर ३४व्या वर्षी कळलं, आई म्हणाली, "म्हणजे तू नुसताच धांदरट नव्हतास तर."

तर त्या दिवशी एपिसोड रात्री नऊला द्यायचा होता. किचनचा सीन, सासूबाईंच्या वाक्याखाली एक तपकिरी रेघ, आणि कट आला की गायब, परत कट की परत हजर. मिक्सवाला म्हणाला, "सोड रे, म्युझिकखाली जाईल." मला कुठलं सुटतंय! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असली घरघर ५०, १००, १५० अशी चढत जाते, ते एकेक कापत बसलो, २०० कापलं तर सासूबाईंचा आवाजच पाणचट चहासारखा झाला. मान वर केली तेव्हा पाच वाजलेले, डबा तसाच, अर्ध्या एपिसोडला हात नाही.

शेवटी लोकेशनच्या रेकॉर्डिस्टला फोन. "दादा, फ्रीज चालू होता का?"

त्यांची जुनी सवय, शूटला फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे जाताना चालू करायला विसरत नाही. त्या दिवशी दादा लोकलने आलेले, किल्लीच नाही, म्हणून बंदच केला नाही. पण त्याच फ्रीजच्या घरघरीसकट एक मिनिटाचा रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज, घेतलेला होता! तो अख्ख्या सीनखाली अंथरला. रेघ गेली नाही, भिंतच तपकिरी झाली, आणि भिंतीकडे कोण बघतंय. काम दहा मिनिटांचं, घालवले चार तास. एपिसोड पावणेबाराला गेला, शिव्या पडल्या, त्या रास्त होत्या.

तेव्हापासून मीपण स्टुडिओच्या फ्रीजमधे डब्यावर स्कूटरची किल्ली ठेवतो. परवा घरी निघालो तेव्हा हातात किल्ली मस्त गार लागली, डबा आतच राहिला.