नोव्हेंबर डाळीच्या डब्याखाली

परवा दुपारी, जेवण झाल्यावर तो जो अर्धा तास असतो, धड झोपही लागत नाही आणि उठावंसंही वाटत नाही, नेमका तेव्हा बापूचा फोन. "यादी झाली का?" मला वाटलं किराण्याची. म्हणलं कसली यादी? "अरे पाच सिनेमे, ह्या वर्षातले. एकतीसला संध्याकाळी पोवई नाक्यावर. ज्याची यादी सगळ्यात भंगार त्यानं चहा पाजायचा." आणि ठेवून दिला. बँकेतनं रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी ह्याच्या आवाजातली वसुली काही जात नाही.

आमचं हे साताऱ्यात दहाएक वर्षं चाललंय. बापू, मास्तर, वकील, मेडिकलवाला दिग्या आणि मी. पाच जण, प्रत्येकी पाच, म्हणजे पंचवीस सिनेमे व्हायला पाहिजेत, पण आजवर नऊ-दहाच्या वर कधी गेले नाहीत कारण सगळे तेच तेच लिहून आणतात, आणि भांडण मात्र पंचवीसांचं होतं.

तर उठलो, कागद घेतला, एक ते पाच आकडे घातले, आकड्यांभोवती गोल केले (हे काम मी फार मन लावून करतो) आणि पहिलं नाव फटक्यात लिहिलं. दुसरं लिहिलं आणि आठवलं की तो मागच्या वर्षीचा. खोडला. तिसऱ्याला नुसता एक सीनच डोळ्यापुढं येत होता, पावसात एक म्हातारा स्कूटरला किक मारतोय, मारतोय, आणि स्कूटर काय चालू होईना, पण हे सिनेमातलं का कुठल्या सिरीजमधलं का ते दिग्याचे वडील होते हेच कळेना.

पूर्वी बरं होतं, तिकीट तरी असायचं हातात. गुलाबी नाहीतर पिवळट, रद्दीपेक्षा हलक्या कागदाचं, डोअरकीपर अर्धं फाडून घ्यायचा आणि उरलेलं अर्धं शर्टाच्या खिशात जायचं आणि तिथनं डायरेक्ट धुण्यात. खिशातल्या त्या लगद्यावरनं आई बरोबर ओळखायची. "शनिवारी कॉलेज नव्हतं वाटतं." आता मोबाईलवर मेसेज येतो, दारात दाखवायचा आणि संपलं, आणि घरी बघितलेल्याचं तर तेवढंही नाही. पाऊण तासाला पॉज, मध्ये कुकरच्या शिट्ट्या, उरलेला उद्या, आणि उद्या कधी दुसराच लावला जातो ते कळतही नाही.

तशी 'ह्या वर्षातला' म्हणजे काय ह्यावरच आमची पहिली दोन वर्षं गेली. बापू म्हणतो थेटरात लागल्याची तारीख धरा. वकील म्हणतो, नाही, सेन्सॉरच्या सर्टिफिकेटची तारीख, राष्ट्रीय पुरस्काराला तीच धरतात. आणि मग दरवर्षी तीच दोन उदाहरणं, 'फँड्री'ला २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कार आणि आपल्याकडं लागला तो २०१४ च्या फेब्रुवारीत, 'कोर्ट' २०१४ चा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि लोकांना बघायला मिळाला २०१५ च्या एप्रिलात. मास्तर मान डोलावत ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "म्हणजे साहेब, आम्ही बघायच्या आधीच तो जुना झालेला असतो." मास्तरांचं स्वतःचं मोजमाप वेगळंच आहे, सिनेमात वाई-मेणवलीचा घाट दिसला की दोन मार्क आधीच जमा. 'स्वदेस'मधलं ते चरणपूर म्हणजे आपली मेणवली हे ते अजून नवीन माणसाला सांगतात, कोणी विचारलेलं नसताना.

माझा नियम सोपा आहे. मी ज्या वर्षी बघितला त्या वर्षीचा. हा सगळ्यात बोगस नियम आहे असं चौघांचंही मत आहे आणि आमच्यात एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट.

पण माझ्या हिशोबानं 'शोले' १९८२ चा आहे, त्याला मी काय करू? आमचं गाव पुसेगावपासनं चालत जाण्याएवढं. मार्गशीर्ष संपत आला की सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हणजे ऐन ह्याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारी. खिल्लार बैलांचा बाजार, नोटांनी मढलेला रथ, आणि आमच्या दृष्टीनं खरी यात्रा म्हणजे सिनेमाचे तंबू. ट्रकमध्ये मशीन, भोंग्यावर ओरडणारा माणूस आणि आत जमिनीवर बसायचं, धुरळ्यात, घरनं आणलेलं पोतं टाकून. थंडी अशी की कनातीखालनं वारा आला की पुढचा अख्खा डायलॉग दातांच्या कडकडाटात जायचा.

आम्ही बसलो त्या तंबूत पडदा मधोमध होता. मशीनच्या बाजूला पुरुष, पडद्याच्या मागं बायका. मी आजीबरोबर, म्हणजे मागं. त्यामुळं 'शोले' मी आख्खा उलटा बघितलाय. नाव उलटं, घोडे उलटीकडनं, आणि माणसं सगळी डावखुरी. बसंती डावखुरी, गब्बर डावखुरा, अख्खं रामगड डावखुरं, आणि त्यात एकटा अमिताभ उजवा, कारण तो मुळातच डावखुरा! हे सुद्धा मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोपर्यंत मी लोकांना छातीठोकपणे सांगत होतो की पिक्चरमध्ये उजव्या हातानं काम करणारा एकच माणूस आहे म्हणून तो हिरो. ठाकूरचा तेवढा प्रश्न नव्हता. तो दोन्हीकडनं सारखाच.

आजी पिक्चर बघायची म्हणजे सगळ्यांची चौकशी करायची. गब्बर आला की, "आंघुळ करत न्हाई व्हय रं ह्यो?" रीळ बदलायला लाईट लागली की फुटाणेवाला फिरायचा, आजी कनवटीची गाठ सोडायची, ती सोडून परत बांधेस्तोवर पुढचं रीळ चालू झालेलं असायचं. आणि शेवटी अमिताभ मेला, बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, मी पण लागलो, तर आजी शांत. "गप रं. गेल्या साली बी मेलता. यंदा आलाच की न्हाई?"

गेल्या यात्रेतल्या तंबूत कुठला पिक्चर होता कोण जाणे. पण त्यात मेला होता हे खरं, मला पण आठवत होतं. मी रडायचा थांबलो.

बापूला हे सांगितलं की तो म्हणतो, भावनेचं सोड, 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, रेकॉर्डला तेच वर्ष. बरं, रेकॉर्डचं बघायचं तर त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये 'शोले'ला किती बक्षिसं मिळाली? एक. संकलनाचं. ते एम. एस. शिंद्यांना मिळालं, मराठी माणूस म्हणून आपण खूश व्हायचं ते होऊ, पण सर्वोत्कृष्ट चित्रपट 'दीवार'. आता 'दीवार' काय वाईट नाही, मी पण मान्य करतो, तरी त्या वर्षी तिथं यादी करायला बसलेल्यांना पुढची पन्नास वर्षं लोकांनी कितीदा चहा पाजायला लावला असेल ह्याचा विचार केला की मला माझ्या कागदावरच्या रिकाम्या गोलांचं फार वाईट वाटेनासं होतं.

तर गोल. गोल चारही रिकामे. मग सुचलं, कालनिर्णय! आमच्यात सगळं कालनिर्णयवर लिहितात. दूध किती, कामाच्या मावशींचा खाडा, इस्त्रीचे कपडे, आणि सिनेमाला गेलो तर ते पण, कारण तो खर्च असतो. भिंतीकडं गेलो तर खिळ्याला एकटा डिसेंबर.

"अगं, बाकीची पानं कुठायत?"

"संपला महिना की फाडते मी. जाड कागद असतो. फडताळात अंथरलेत."

मग काय, दुपारी तीन वाजता मी स्टुलावर. सगळ्यात वरच्या फळीवर फेब्रुवारी, त्याच्यावर पातेल्यांचा डोंगर, तो सोडून दिला. फेब्रुवारीत आम्ही कुठं जात नाही. मेमध्ये एक बरा सापडला, नाव पूर्ण लिहिलेलं, भाच्याला घेऊन गेलो होतो, मध्यंतरापर्यंत जागा होतो. तो लिहिला. ऑगस्ट लोणच्याच्या बरणीखाली, तेल झिरपून कागद असा आरपार झालेला की मागच्या पानावरचं भविष्य उलट्या अक्षरांत इकडं आलेलं. मी जरा वेळ ते तसंच वाचत बसलो. उलटी अक्षरं मला अजून बऱ्यापैकी वाचता येतात. कन्या राशीला प्रवासयोग होता.

नोव्हेंबर डाळीच्या डब्याखाली. डबा उचलला, हरभऱ्याची डाळ गच्च भरलेली, कमरेत कळ आली. सोळा तारखेच्या चौकटीत, दुधाच्या दोनाच्या खाली, माझंच अक्षर. 'सि.'

झालं! आता सोळा तारखेला कुठला सिनेमा? रविवार होता का? कुणाबरोबर गेलो? मला एवढंच आठवत होतं की त्या सुमाराला काहीतरी फार आवडलं होतं, घरी येताना गाडीवर दोघं काही बोललो नव्हतो, राजवाड्यापाशी तिनं नुसतं "हळू" म्हणलं होतं. पण ते नोव्हेंबरातच का, आणि सिनेमावरनंच येत होतो का, का दवाखान्यातनं, हे काही धड जुळेना.

"अगं, सोळा नोव्हेंबरला आपण कुठला पिक्चर बघितला?"

ती आत पडली होती. बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाली, "काय लिहिलंय?"

"सि."

"अहो, सिलिंडर आला होता."

डबा परत ठेवला. सरळ बसला नाही, नोव्हेंबरचा एक कोपरा दुमडला, राहू दे. कागदावर दोन नावं झालीत, तिसरं 'शोले' लिहिणार आहे, परवा टीव्हीवर लागला होता तेव्हा अर्धा बघितलाय, नियमात बसतो. चहा माझ्याकडंच येणार हे दिसतंय. पाच चहा, आणि दिग्या क्रीमरोल खाल्ल्याशिवाय उठत नाही.