तुम्ही विचारलेत म्हणून: नवऱ्याला ही नोकरी सोडायला का सांगत नाहीस?

ठाण्याला माहेरी आले की, किंवा इथल्या मंडळाच्या गणपतीत भेटलो की, तुम्ही मला एकच प्रश्न विचारता. कधी काळजीने, कधी किंचित उपहासाने. नवरा अमेरिकेतल्या कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा सहायक प्रशिक्षक आहे, त्यापायी आमची घरे किती बदलली आणि मुलीच्या शाळा किती झाल्या, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. त्याच्या पगाराचा आकडा तर काहींना तोंडपाठ आहे. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकते.

तुमच्यातले एक काका दर वेळी अमेरिकेचे नावाजलेले हॉकी प्रशिक्षक हर्ब ब्रूक्स यांचा दाखला देतात. मिनेसोटा विद्यापीठाला त्यांनी १९७४, १९७६ आणि १९७९ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली आणि १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये बहुतांशी कॉलेजातल्या पोरांना घेऊन सोव्हिएत संघाला हरवले. मग आपला जावईच मागे का, असा काकांचा सूर असतो. काका, हेच ब्रूक्स १९६० च्या ऑलिंपिक संघातून अगदी शेवटच्या क्षणी वगळले गेले होते आणि त्यांच्याविना त्या संघाने सुवर्णपदक मिळवले, हेही त्याच गोष्टीत आहे; तेवढे मात्र तुम्ही गाळता. शिवाय पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, संघ आहेत साठ-पासष्ट, आणि मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्याही तेवढ्याच. त्या सहजासहजी रिकाम्या होत नाहीत. बॉस्टन युनिव्हर्सिटीत जॅक पार्कर १९७३ पासून २०१३ पर्यंत होते, आणि जेरी यॉर्क तीन कॉलेजांत मिळून पन्नास वर्षे प्रशिक्षक राहून, १,१२३ विजय नावावर जमा करून २०२२ मध्ये निवृत्त झाले. तेव्हा ‘अजून सहायकच?’ हा प्रश्न मला विचारू नका, तो मोजदाद करता येणाऱ्या कुणालाही सुटेल.

खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मलाही छळतो. सहायकाचे निम्मे काम बर्फावर नसतेच, ते मुले शोधण्याचे असते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हेरायचा, त्याच्या आईवडिलांना भेटायचे, कॉलेजात जागा देण्याचा तोंडी शब्द द्यायचा. त्यानंतर तो मुलगा घर सोडून ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे कॉलेजाआधीच्या मुलांच्या स्पर्धांत, परक्या कुटुंबात राहून खेळतो आणि पुष्कळदा एकोणीस-वीस वर्षांचा झाल्यावरच कॉलेजात येतो. हा शब्द चार वर्षे टिकायला हवा, आणि तो देणाऱ्याचा स्वतःचा करार मात्र वर्षावर्षाचा असतो. पूर्ण शिष्यवृत्त्याही २०२५ पर्यंत जास्तीत जास्त अठराच होत्या, त्या पंचवीस-सव्वीस मुलांत तुकडे करून वाटायच्या. हे तुकडे कसे पडले ते मी आमच्या जेवणाच्या टेबलावर पाहिले आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम बदलला. कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळाडूंना भत्ता मिळतो आणि काहींचे व्यावसायिक संघांशी करार असतात, म्हणून तिथे खेळलेल्या मुलांना अमेरिकी कॉलेजांची दारे बंद होती. ती ऑगस्ट २०२५ पासून उघडणार असे जाहीर झाले. त्याच सुमारास संघात सव्वीसच खेळाडू ठेवण्याची मर्यादाही समोर दिसू लागली. तयार, वीस वर्षांचे, भरल्या अंगाचे खेळाडू मिळू लागल्यावर सोळाव्या वर्षी शब्द दिलेल्यांचे काय करायचे, याचे उत्तर वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात आले.

जानेवारीतला रविवार होता. शुक्रवार-शनिवारचे दोन्ही सामने परगावी हरून संघ पहाटे बसने परतला होता, आणि बसमध्येच मुख्य प्रशिक्षकांनी एका कॅनेडियन बचावपटूचे नाव सांगून नवऱ्याला म्हटले होते की, आता तुझ्या त्या मुलाला जागा नाही, हे तूच कळव. नवऱ्याची एक आखीव वही आहे. त्या मुलाच्या पानावर लिहिले होते, ‘मागे सरकत जाताना डावीकडे वळायला उशीर लागतो’, आणि त्याखाली, ‘आई नर्स, रात्रपाळी, फोन दुपारी चारनंतरच.’ म्हणून तो चार वाजेपर्यंत थांबला. मी कुकर लावला होता; तो बंद करून बाहेर जावे की थांबावे हे मला कळेना, तेव्हा मी तिथेच उभी राहिले.

आधी मुलाला फोन झाला. पलीकडून फक्त ‘ओके, कोच’ एवढेच पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. मग त्याच्या आईला. ती ओरडली असती तर मला हायसे वाटले असते. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तुमच्या शब्दावर त्याने दुसऱ्या दोन कॉलेजांना नकार कळवला होता. त्यांना आता तुम्ही स्वतः फोन कराल का?” नवरा म्हणाला, करतो. आणि त्याने केलेही. ज्यांच्याविरुद्ध दर हंगामात दात-ओठ खाऊन उभा राहतो, त्या संघांच्या सहायकांना तो रात्री उशिरापर्यंत त्या मुलाची तारीफ सांगत होता, त्याच्या डाव्या वळणाबद्दल अवाक्षर न काढता. दोघांकडेही जागा नव्हती. त्यांचेही आपापले कॅनेडियन ठरत होते. वसंतात त्या मुलाला तिसऱ्या श्रेणीच्या एका कॉलेजात जागा मिळाली. त्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्ती नसते. म्हणजे उरलेला हिशेब त्या नर्सबाईंच्या रात्रपाळ्यांवर पडला.

त्या रात्री मी म्हटले, सोड ही नोकरी. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे की, सांगितले होते. तो म्हणाला, हंगाम संपू दे. आणि मंगळवारी पहाटे काळोखातच गाडी काढून ज्युनियरचा सामना पाहायला निघाला, आणखी कुणाच्या तरी सोळा वर्षांच्या पोरासाठी. दारात मी विचारले, “यालाही असाच शब्द देणार का?” तो म्हणाला, “आता शब्द देत नाही. आजचा आमचा विचार असा आहे, एवढेच सांगतो.” हे मला वकिली वाटले आणि अजूनही वाटते. पण नवऱ्याने नोकरी सोडली तर त्याच्या जागी जो येईल तो चार वाजेपर्यंत थांबेल का, हाही विचार डोक्यातून जात नाही. त्याच्या असण्याने त्या मुलाचे काय भले झाले, असे तुम्ही विचाराल तर मला सांगता येणार नाही.

लग्नाआधीची मी म्हणत असे की, माणसाने आवडीचे काम करावे, बाकी आपोआप होते. तिला मी आज चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण तीही गप्प बसली नसती. शुक्रवारी रात्री रिंकमध्ये कॉलेजचा बँड सुरू झाला, संघ बर्फावर उतरला, की तू खुर्चीत बसून राहतेस का, असे तिने मला विचारले असते. नाही राहत. त्या आवाजासाठी मी थंडीत कुडकुडत जाते, हे तुम्हाला कधी सांगितले नव्हते. आरोग्य विमाही कॉलेजचा आहे, आणि मुलगी पुढे इथेच शिकली तर फीमध्ये सवलत मिळेल. यातले कोणते कारण मोठे आणि कोणते सबबीपुरते, हे मी ठरवलेले नाही, आणि मंडळाच्या गणपतीत ते ठरणारही नाही.

हंगाम मार्चमध्ये संपला. त्याने तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. जूनमध्ये पुढच्या वर्षाचा करार आला आणि त्याने सही केली. मी हरकत घेतली नाही, पण मला ते पटले असेही कुणी समजू नये. मुलीला त्याच शाळेत आणखी एक वर्ष काढता येणार होते, तेवढेच मी त्या दिवशी पाहिले.