अकोले तालुक्यातील गावरान बियाणे: कसे जावे आणि कशावर पैसे घालवू नयेत

पारनेर तालुक्यातील आमच्या गटात 11 शेतकरी आहेत आणि सर्वांची जमीन 5 एकरांच्या आत आहे. रासायनिक खतांवरचा खर्च कसा कमी करता येईल आणि गावरान बियाणे कसे राखतात, हे प्रत्यक्ष शेतांवर पाहावे म्हणून आम्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात अकोले तालुक्याचा तीन दिवसांचा दौरा केला. दौरा ठरवून देणाऱ्याने माणशी 1,800 रुपये घेतले, आणि पहिल्याच दिवशी बियाणे बँकेऐवजी रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभे केले. तेथे बाटलीबंद जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत, 350 रुपये लिटर दराने विकले जात होते. आमच्यातील चौघांनी ते घेतले, त्यांत मीही होतो.

ही खरेदी कोणीही करू नये. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या कृतीप्रमाणे 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजे शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून दोन दिवस सावलीत ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ ढवळले, की एकरभर जमिनीला पुरेल इतके जीवामृत तयार होते. गोठ्यात गाय असेल तर विकत फक्त गूळ आणि बेसन आणावे लागते, म्हणजे एका बाटलीच्या पैशात घरचे पिंप भरते. शिवाय ते आठवडाभरात जमिनीत गेले पाहिजे. टोपण घट्ट लावून महिनोन्‌महिने ठेवण्याची ती वस्तूच नव्हे. परतताना एसटीत आमच्या एका सोबत्याची बाटली फुगली आणि टोपण उडून पिशवीतील कपडे खराब झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कोंभाळण्याला गेलो. गावरान बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचे हे गाव. तेथे सर्व व्यवस्थित झाले आणि रस्त्यातही अडचण आली नाही.

तिसऱ्या दिवसाबद्दल मात्र सावध करणे आवश्यक आहे. राजूरच्या पुढे डांबरी रस्ता सोडल्यावर पाड्याकडे चढणारी पायवाट पावसात अतिशय वाईट होते. शेवाळलेला खडक, त्यावर चिकण माती, एका बाजूला ओढा आणि पुढे भातखाचरांचे वीतभर रुंदीचे बांध, अशी ती वाट आम्हाला दीड तासात चढता येईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात तीन तास लागले. चालण्याची सवय असलेल्यालाच हे जमेल हे मी गृहीत धरतो, पण सवय असूनही गुळगुळीत तळाच्या बुटांनी दोघे घसरले. पाय अजून दुखत असताना लिहीत आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: जुलैमध्ये तेथे जाऊ नये. त्या दिवसांत घरोघरी भाताची आवणी (रोपांची लावणी) चालू असते, आणि पाहुण्यांना शेत दाखवण्यासाठी त्या लोकांना चिखलातले काम सोडून यावे लागते. आमच्यामुळे एका कुटुंबाचा अर्धा दिवस वाया गेला, याची मला खंत वाटते. भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस जावे. तेव्हा बी झोडून, वाळवून झालेले असते आणि बोलायला माणसे मोकळी असतात.

त्या घरच्या मावशींनी आवणीतून उठून जे दाखवले, त्याने मात्र सगळा शीण गेला. राखेत घोळून मडक्यात ठेवलेले घेवड्याचे वेगवेगळे वाण, नागली, वरई, आणि काळभात, रायभोग हे भाताचे वाण, असे सर्व त्यांच्याकडे होते. चारसूत्री भात ही चार सूत्रांची भात लागवडीची पद्धत आहे. तिच्यातील खत म्हणून घालायचा गिरिपुष्पाचा पाला आणि भाताच्या तुसाची राख ही सूत्रे त्यांनी घेतली आहेत, परंतु चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मध्ये खोचायची युरिया-डीएपी या रासायनिक खतांची ब्रिकेट (गोळी) सोडून दिली आहे. चारसूत्री लागवडीला सरसकट जैविक म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

काळभाताचे बी आमच्याकडच्या कोरडवाहू जमिनीत लावण्याचा मोह टाळावा. अकोले तालुक्यातच घाटघरकडे वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले भाताचे बी पारनेरच्या माळावर तग धरणार नाही. घेवडा करून पाहता येईल. गावरान बी शेतकऱ्याने राखणे, दुसऱ्याला देणे किंवा ब्रँडच्या नावाशिवाय विकणे 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य आहे, तेव्हा कोणी भीती घातल्यास ऐकू नये. मावशींनी पैसे घेतले नाहीत. राहीबाईंच्या बँकेप्रमाणेच त्यांचीही अट एवढीच, की नेले त्याच्या दुप्पट परत आणायचे. मी पाव किलो घेवडा आणला आणि तो बांधाला टोकला आहे. पीक हाती आले की अर्धा किलो घेऊन मला त्याच वाटेने वर जायचे आहे, मात्र जमीन वाळल्यावर.