आमची वाटचाल : मकरपुऱ्यातलं फ्लोमीटर दुरुस्तीचं काम

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमची सुरुवात पॉवर सप्लाय आणि टेंपरेचर इंडिकेटरच्या दुरुस्तीनं झाली. फ्लोमीटर, म्हणजे पाइपमधल्या द्रवाचा प्रवाह मोजणारे मीटर, आले ते नंदेसरी, रानोलीकडच्या केमिकल प्लांटमधून. आज मॅग्नेटिक फ्लोमीटरचे ट्रान्समीटर हेच आमचं मुख्य काम आहे. या मीटरमध्ये पाइपवर बसतो तो सेन्सर, त्यात चुंबकीय क्षेत्र तयार करणारी कॉइल आणि सिग्नल उचलणारे दोन इलेक्ट्रोड असतात. तो सिग्नल वाचून आकडा दाखवतो तो ट्रान्समीटर, आणि त्यातला सर्किट बोर्ड म्हणजे कार्ड.

पूर्वी नुसतं कार्ड यायचं आणि सोबत चिठ्ठी, ‘झीरो फरे छे’, म्हणजे प्रवाह नसताना शून्य स्थिर राहत नाही. आता सेन्सरची रीडिंग हातात आल्याशिवाय आम्ही कार्डाला सोल्डरिंग लावत नाही. कारण साधं आहे. इलेक्ट्रोडवर येणारा सिग्नल जेमतेम एखादा मिलिव्होल्ट असतो, कित्येकदा त्याहूनही कमी. केबल, अर्थिंग किंवा टर्मिनल बॉक्समध्ये जरा गडबड झाली तरी डिस्प्लेवर आकडा नाचतो आणि दोष ट्रान्समीटरवर येतो.

म्हणून साइटवर पहिलं काम म्हणजे सप्लाय बंद करून सेन्सरच्या सगळ्या वायरी ट्रान्समीटरपासून सोडवणं. कॉइलचा रेझिस्टन्स मेकप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो मॅन्युअलशी ताडून पाहायचा. मग कॉइल ते बॉडी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर). २० मेगाओहमच्या खालची कॉइल आम्ही पास करत नाही. ट्रान्समीटर जोडलेला असताना मेगर लावला तर चांगलं कार्डही जातं, हे प्लांटच्या माणसांना आम्ही आवर्जून सांगतो.

नंतर पाइप पूर्ण भरलेला ठेवून प्रत्येक इलेक्ट्रोड ते अर्थ मोजायचं. साधा डिजिटल मीटर इथे फसवतो. त्याच्या डीसीनं इलेक्ट्रोड पोलराइज होतो (त्यावर चार्ज साचतो) आणि रीडिंग सरकत राहतं. एसीवर मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झ लावून मोजावं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक बराच जास्त आला तर त्या इलेक्ट्रोडवर तेलकट थर असतो किंवा वायर तुटत आलेली असते. एक फारच कमी आला तर गळती. पावसाळ्यात बहुतेक गळती टर्मिनल बॉक्समध्येच सापडते. ग्लँड (केबल आत घेणारं घट्ट तोंड) वरच्या बाजूला असतो, केबलला खाली झोळ दिलेला नसतो, पाणी केबलवरून थेट आत उतरतं आणि टर्मिनलवर हिरवट थर धरतो. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुऊन, नीट वाळवून, ग्लँड आणि गॅस्केट बदललं की तो मीटर बहुधा कार्डाला हात न लावता चालू होतो.

रबर लायनिंगच्या किंवा एफआरपी (फायबर-प्लास्टिकच्या) पाइपमध्ये अर्थिंग रिंग, म्हणजे द्रवाला अर्थशी जोडणारी धातूची कडी, नसेल तर झीरो बहुधा स्थिर राहत नाही. ती रिंग बसवणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय.

सेन्सर ठीक निघाला, तरच कार्ड बाकावर येतं. सिम्युलेटर (सेन्सरसारखा सिग्नल देणारं उपकरण) लावून आधी दोष पक्का करतो. ट्रान्समीटर बंदच असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर (त्याच्या पॉवर सप्लायवर). इकडच्या उन्हात पाइपलाइनवरचं एन्क्लोजर प्रचंड तापतं. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तो सुकला की ईएसआर (त्याचा आतला रेझिस्टन्स) वाढतो, रिपल (सप्लायमधला चढउतार) वाढतं आणि डिस्प्ले लुकलुकत पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरवर कपॅसिटन्स बरोबर दिसला तरी ईएसआर वेगळा तपासावाच लागतो. बदली १०५ अंशांचा, लो-ईएसआर कपॅसिटरच घालतो. फ्यूज उडालेला असेल तर एमओव्ही (जादा व्होल्टेज अडवणारा पार्ट) शॉर्ट आहे का ते पाहायचं, आणि पहिला सप्लाय नेहमी सिरीज लॅम्पमधूनच (शॉर्ट असल्यास करंट रोखणाऱ्या बल्बमधूनच) द्यायचा.

कॉइल ड्रायव्हरचा (कॉइलला करंट देणाऱ्या सर्किटचा) मॉसफेट उडालेला दिसला की आम्ही पुन्हा सेन्सरकडे वळतो. कॉइलचं इन्सुलेशन खराब असेल तर नवा मॉसफेटही लगेच जातो. असा सेन्सर असताना नुसतं कार्ड दुरुस्त करून देणं आम्ही नाकारतो.

डिस्प्ले बरोबर पण कंट्रोल रूममध्ये आकडा चुकीचा, अशी तक्रार असेल तर मेनूमधून आऊटपुट करंट ४, १२, २० मिलिअँपिअर फिक्स करा. २५० ओहमवर १, ३, ५ व्होल्ट यायला हवेत. आले तर ट्रान्समीटर निर्दोष, पुढे आयसोलेटर (मधे सिग्नल वेगळा करणारं उपकरण) आणि रेंज तपासा. न आल्यास आऊटपुट ॲक्टिव्ह (स्वतः सप्लाय देणारा) आहे की पॅसिव्ह (बाहेरून सप्लाय घेणारा) ते बघा. ॲक्टिव्ह आऊटपुट जर कंट्रोल रूममधल्या २४ व्होल्ट देणाऱ्या इनपुट कार्डला जोडला, तर दोन्हीकडून सप्लाय भिडतो आणि आऊटपुट सर्किट जाऊ शकतं. आणि ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर अडकलेला करंट म्हणजे बहुधा मीटरनं स्वतः दिलेला फॉल्ट सिग्नल असतो. तिथे लूपमध्ये (करंटच्या वायरिंगमध्ये) दोष शोधत बसू नये, एरर कोड वाचावा.

इंट्रिन्सिकली सेफ (ठिणगीनं स्फोट होऊ नये इतकी कमी ऊर्जा असलेल्या) सर्किटवरचे पार्ट आम्ही बदलत नाही, त्याचं पूर्ण मॉड्यूल उत्पादकाकडूनच घ्यावं लागतं. फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर जाऊ न देणाऱ्या) एन्क्लोजरच्या फ्लेम पाथवर, म्हणजे झाकणाच्या जोडाच्या पृष्ठभागावर, पॉलिश पेपर किंवा रंग चालत नाही.

कार्ड काढण्याआधी सेन्सरचा कॅलिब्रेशन फॅक्टर, लाइन साइज, रेंज, डॅम्पिंग लिहून घेतो, टोटलायझरचा (एकूण प्रवाहाच्या बेरजेचा) फोटोही काढतो. दुरुस्तीनंतर २४ तास सिम्युलेटरवर चालवूनच माल बाहेर पडतो. बिलिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या मीटरला मात्र एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये सेन्सरसकट कॅलिब्रेशन करून घ्यायला सांगतो. आमचा सिम्युलेटर फक्त ट्रान्समीटर तपासतो, सेन्सरची अचूकता तपासत नाही.