शिवत बसलेली आई

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर चित्रं बघत पडले होते आणि एका चित्रापाशी अडकले ती अडकलेच. हेलेन शेर्फबेक, फिनलंडची चित्रकार, तिने १९०३ मध्ये काढलेलं आईचं चित्र. नाव साधंच, 'घरी', आणि दुसरं नाव 'शिवणारी आई'. काळ्या कपड्यातली एक बाई बाजूने दिसते, मान खाली, हात शिवणात. बाकी खोलीत बघण्यासारखं म्हणाल तर जवळपास काहीच नाही.

हेलेन चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि जन्मभर लंगडत चालली. वडील लवकर गेले. तरी ती पॅरिसला जाऊन शिकली, 'आजारातून उठलेली' या चित्राला १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ब्राँझ मेडलही मिळालं. मग हेलसिंकीत शिकवायची नोकरी, ती तब्येतीपायी सोडली आणि १९०२ मध्ये आईला, ओल्गाला घेऊन ह्यूविंकॅ नावाच्या रेल्वेच्या गावात छोट्याशा घरात राहायला गेली. आता मला सांगा, चाळिशीची मुलगी, साठी ओलांडलेली आई, दोघींना मिळून एवढीशी जागा, दिवसभर तोंडासमोर तोंड, दोघींची किती भांडणं होत असतील! आईला हिच्या चित्रांचं फारसं कौतुक नव्हतं असंही म्हणतात. म्हणजे मॉडेल घरातच, फुकट, पण बहुतेक कुरकुरणारी.

मला तरी वाटतं म्हणूनच ती बाजूने बसलीये. आमच्या आईचं पण असंच, फोटो काढू म्हटलं की लगेच काहीतरी काम हातात घेणार आणि 'काढ, पण मी बघणार नाही' म्हणणार. ओल्गा पण मुलीकडे बघतच नाही, पण मुलगी किती वेळ बघतीये ते कळतं, कारण तो वाकलेल्या पाठीचा काळा आकार इतका नेमका आलाय की त्यात एक रेघ जास्तीची वाटत नाही. व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने काढलेलं त्याच्या आईचं चित्र आठवतं खरं, पण त्याची आई हात मांडीवर ठेवून पोज देऊन बसलीये, ही बिचारी शिवण संपवायच्या घाईत.

पुढे १९०९ मध्ये हेलेनने 'माझी आई' म्हणून परत तिलाच काढलं. ओल्गा गेली १९२३ मध्ये. म्हणजे त्या घरात दोघी वीस वर्षं एकत्र.