जोडाच्या खालचं पान

आमच्या काजूसंग्रहात प्रत्येक वाणाची चार-चार कलमं आहेत. काम सांगायला सोपं आहे: पानातून डीएनए काढायचा आणि कुठला मार्कर, म्हणजे डीएनएवरची कुठली ओळखखूण, बीच्या वजनाबरोबर चालतो ते शोधायचं. करायला गेलं की पहिलं पानच छळतं. जून पानात टॅनिन आणि चिकटा एवढा असतो की टॅनिन शोषून घेणारी पीव्हीपी पावडर घालूनही नळीत डीएनएऐवजी तपकिरी शेंबूड हाती येतो. म्हणून आमचा नियम एकच, तांबूस कोवळी पालवीच तोडायची.

त्या दिवशी निकालाचा तक्ता उघडला होता. एक मार्कर मोठ्या बीच्या झाडांशी झकास जुळत होता, फक्त एक झाड आडवं आलं. वजनवहीत त्याची बी नऊ ग्रॅमच्या वर, मार्कर मात्र बारीक बीवाल्यांचा. असं एखादं असतंच म्हणून मी पुढे सरकणार होते. वजन काही एकट्या जनुकावर ठरत नाही. सहज त्याच वाणाच्या उरलेल्या तीन कलमांकडे पाहिलं. तिघांचे सगळे मार्कर एकसारखे, याचे निम्मे वेगळे. कलमं म्हणजे शेवटी एकाच झाडाच्या काड्या. माती-पाण्याने वजन कमी-जास्त होईल, पण डीएनए असा बदलत नाही.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार असं धरून मी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यालाच बोलून घेतलं. त्याने मुकाट्याने राखून ठेवलेल्या पानाचा तुकडा घेतला आणि पुन्हा सगळं केलं. उत्तर तेच आलं. (माफी नंतर मागितली.)

मग बागेत गेले. झाडावर पिवळी बोंडं, खाली टपोऱ्या बिया. वाण तोच, शंकाच नको.

पानं तोडून आणणाऱ्या काकांना विचारलं, "काका, पान कुठलं तोडलं होतं?"

काका वाकले आणि बुंध्याशी बोट दाखवलं. "हे बघा, इथलं. फळं धरली होती तेव्हा, मॅडम. वर सगळी जून पानं. कोवळं एवढंच होतं."

कलमाच्या जोडाची गाठ गुडघ्याखाली होती आणि ती फूट गाठीच्याही वीतभर खाली. म्हणजे पान खुंटाचं, ज्या रोपावर वाणाची काडी बांधतात त्याचं, आणि बी वरच्या वाणाची. खुंट कुठल्या तरी बियांपासून वाढवलेला, आणि काजूत परपरागीकरण इतकं की रोप आईसारखं निघेल याची खात्री नाही. काजूचा पहिला जनुकीय नकाशा, म्हणजे गुणसूत्रांवर मार्कर कुठे बसतात त्याचा, 2007 मध्ये आला तो याच वेगळेपणाच्या जोरावर. ब्राझीलच्या बुटक्या आणि उंच झाडाच्या संकरातली 85 रोपं, पत्ते पिसून वाटावेत तशी प्रत्येकाची जनुकांची वाटणी वेगळी. नकाशा करणाऱ्यांना जे वरदान होतं ते आमच्या बुंध्याशी उगवून बसलं होतं. काकांना काय बोलणार? नियम त्यांनी तंतोतंत पाळला होता. जोडाच्या वरचं पान, हे आम्हीच कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत प्रत्येक बुंधा चाचपला. आणखी चार झाडांचं तेच झालेलं. त्यातली दोन आमच्या लाडक्या मार्करच्या बाजूने मत देऊन बसली होती. नवी पालवी फुटल्यावर पानं वरून तोडली, डीएनए पुन्हा काढला. पहिलं आडवं झाड सरळ झालं, पण एकूण जुळणी आधीपेक्षा ढिली पडली. मार्कर यादीत ठेवायचा की नाही, यावर सहकाऱ्याचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. काका मात्र आता प्रत्येक जोडाच्या वर लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवतात.