‘रूम टेम्परेचर’ पणजीचं नव्हे

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हे वाक्य गोव्यात जेवढ्या बाटल्या वाया घालवतं तेवढं दुसरं काहीच घालवत नाही. त्या वाक्यातली ‘रूम’ युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, 16 ते 18 अंशांची. पणजीत मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा पारा 32 च्या आसपास असतो. तेवढ्या उबेत 14 टक्के अल्कोहोलची शिराझ नाकाजवळ नेली की आधी स्पिरिटची झळ येते, फळांचा वास मागे पडतो आणि तोंडात नुसता पाक फिरल्यासारखं वाटतं. मग आपण म्हणतो, इथल्या रेड जडच असतात. बिचारी तापलेली असते, एवढंच.

तेव्हा रेड मागवली तरी बर्फाची बादली मागा. वेटर चमकेल, चमकू दे. बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी हवं. नुसत्या बर्फात बाटलीभोवती फटी राहतात, पाणी मात्र सगळीकडून भिडतं. 30 अंशांची रेड त्यात साधारण 10 मिनिटांत 17 च्या जवळ येते, व्हाइटला 10 अंशांवर यायला 20 ते 25 मिनिटं लागतात. मूठभर मीठ टाकलं तर काम आणखी लवकर होतं. फ्रिजवर भिस्त ठेवली तर याच कामाला दोन-तीन तास जातात. रेड 14 च्या खाली मात्र नेऊ नका, टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतले तुरट अंश, कडवट होऊन पुढे येतात.

पेल्यात थेट बर्फ टाकायचा का? 150 मिलीच्या पेल्यात 25 ग्रॅमचा एक खडा विरघळला की साडेबारा टक्क्यांची वाइन पावणेअकरावर येते. तहान भागवायची असेल तर खुशाल टाका, चाखायची असेल तर नको. उलटी चूकही होते. चार अंशांच्या फ्रिजमधून थेट आलेल्या व्हाइटला वासच नसतो. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा.

वाइन ओतण्याआधी रिकामा पेला हुंगा. हा माझा हट्टच आहे, विशेषतः पावसाळ्यात. दमट हवेत न वाळलेल्या फडक्याने पुसलेले, मग कपाटात उपडे ठेवलेले पेले कुबट वास धरतात आणि दोष जातो वाइनवर. खरोखर बुचाने बिघडलेल्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. दोन्ही वास इतके जवळचे की फसायला होतं. पेला बदलून बघा. वास गेला तर फडक्याचा, राहिला तर बाटलीचा. भारतीय बाटल्यांना बहुधा फिरकीचं झाकण असतं, त्यामुळे बुचाचा दोष इथे तसा क्वचित. उन्हात शिजलेली वाइन मात्र सारखी भेटते. तिच्या फळाला उकडून ठेवलेल्या मुरांब्याची चव येते, व्हाइट असेल तर रंग पिवळा-तपकिरी पडतो, बूच किंचित वर सरकलेलं असतं आणि गळ्याशी चिकट ओघळ दिसतो. शॅकमध्ये उन्हात शोभेला मांडलेली पांढऱ्या काचेची रोझे तर घेऊच नये. प्रकाशाने तिला शिजलेल्या कोबीसारखा वास लागतो.

पेल्यावर मिळणारी वाइन घेताना एकच प्रश्न विचारायचा: बाटली कधी उघडली? फ्रिजमध्ये ठेवलेली व्हाइट तीन दिवस चालते, रेड दोन-तीन, आणि स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी मरगळते. आज किंवा काल उघडलेली असेल तर ठीक. उत्तर टाळलं गेलं तर बिअर मागवा. अख्खी बाटली घेतली की आधी चाखायला देतात तो घोट दोष तपासण्यासाठी असतो. नुसती आवडली नाही म्हणून बाटली परत करता येत नाही.

जेवणाशी जोडी लावताना गोव्यात तीन अडथळे येतात: मिरची, व्हिनेगर आणि मासळी. मिरचीची आग अल्कोहोलने आणि टॅनिनने भडकते, म्हणून मसालेदार शाकुतीबरोबर कमी अल्कोहोलची, किंचित गोडसर चेनिन ब्लाँ ही व्हाइट बरी. विंदालूचं मूळ पोर्तुगीजांच्या वाइन-लसणात मुरवलेल्या मांसात आहे. गोव्यात वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली. त्या आंबटपणापुढे मऊ, ओकमध्ये मुरवलेली रेड सपक लागते. तिथे तितक्याच आंबट अंगाची सॉविन्यों ब्लाँ ही व्हाइट हवी. बांगड्याबरोबर रेड घेतली की तोंडात धातूसारखी, हिंवस चव येते ना, ती वाइनमधल्या लोहामुळे. मासळीच्या तेलाशी त्याचं जमत नाही. रव्यात तळलेल्या विसवणीला, म्हणजे सुरमईला, ब्रूट (बिनगोड) स्पार्कलिंग द्या, बुडबुडे तेल कापतात. सोलकढी मात्र शेवटी. नारळाच्या रसाचा थर जिभेवर बसला की पुढची वाइन कळेनाशी होते.

महोत्सवात गणित वेगळं. गोवा पर्यटन विकास महामंडळाने पणजीत भरवलेल्या ‘ग्रेप एस्केपेड’सारख्या वाइन महोत्सवात 30 मिलीचे आठ घोट गिळले तर 240 मिली होतात, म्हणजे बाटलीचा जवळपास तिसरा हिस्सा. कायद्याने गाडी चालवण्याची मर्यादा रक्तात 100 मिलीला 30 मिलीग्रॅम आहे. थुंकायला शिका, नाहीतर टॅक्सीने जा. थुंकायचं भांडं स्टॉलवर नसतंच, अपारदर्शक कागदी कप जवळ ठेवा. दारं उघडताच पोहोचा, तेव्हा बाटल्या थंड असतात. रात्री नऊला बर्फाचं पाणी झालेलं असतं. क्रम: स्पार्कलिंग, हलक्या व्हाइट, रोझे, हलक्या रेड, जड रेड. मध्ये पाण्याचा घोट आणि कोऱ्या पोईचा, म्हणजे गोव्यातल्या पावाचा, तुकडा, सॉसेजचा चोरीस-पाव नव्हे. रंगीत दिव्यांत रंग कळत नाही, पेल्यामागे पांढरा टिश्यू धरा. फेणी किंवा हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) सगळ्यात शेवटी, काजूचा तो वास नाकातून तासभर हलत नाही.

गोव्याची गोड पोर्टही शेवटीच, साखरेनंतर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. पोर्तुगालात दोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टमध्ये आंबणं चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट घालून यीस्ट थांबवतात. साखर उरते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. इथल्या बाटलीवरचा आकडा वाचून बघा, बहुधा कमीच असतो. तुलना करण्यात अर्थ नाही. थंड करून बिबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाबरोबर घ्या, छान लागते.

बाटली घरी न्यायची तर गाडीच्या डिकीत टाकून समुद्रावर जाऊ नका. उन्हातल्या बंद गाडीत पारा पन्नाशी ओलांडतो आणि दुपारच्या दोन तासांत बूच वर येतं. थर्माकोलच्या पेटीत, ओल्या टॉवेलात गुंडाळून, सीटखाली. आणि पत्रादेवीच्या पलीकडे सिंधुदुर्गात शिरणार असाल तर परवान्याची चौकशी आधी करा. ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी छापायला तिकडच्या वर्तमानपत्रांना कधीच माल कमी पडत नाही.